न उगवलेल्या गाजराची गोष्ट

अमेरिकन लेखिका रूथ क्राउस यांचं ‘द कॅरट सीड’ हे बालपुस्तक १९४५ साली प्रसिद्ध झालं. चित्रं त्यांचे पती क्रॉकेट जॉन्सन यांची. सगळा मजकूर जेमतेम शंभरेक शब्दांचा. एक छोटा मुलगा गाजराचं एकच बी पेरतो. ते उगवणार नाही असं घरातले सगळे सांगतात. तो रोज तण उपटतो, पाणी शिंपडतो. कितीतरी दिवस काहीच होत नाही, आणि मग एके दिवशी गाजर येतं. श्रद्धेची गोष्ट म्हणून हे पुस्तक मुलांना वाचून दाखवलं जातं. ज्याने घरच्या वाफ्यात गाजर लावून पाहिलं आहे, त्याला मात्र त्यात बागकामाची विलक्षण अचूक जाण दिसते, आणि माझ्या मते पुस्तकाचा खरा रस तिथेच आहे.

आधी बियाची निवड पाहा. मुळा पेरला असता तर चार-पाच दिवसांत अंकुर वर आला असता, शंका घ्यायला घरात कुणाला सवडच मिळाली नसती. गाजर सावकाश उगवतं. हवा मानवली तर दहा-बारा दिवसांत, माती गार असेल तर तीन आठवड्यांनी. गाजर ‘आलंच नाही’ म्हणून पुष्कळ वाफे या मुदतीच्या आतच उकरले जातात. कथेतला ताण लेखिकेने बाहेरून आणलेला नाही, तो त्या बियाच्या स्वभावातच आहे.

आई आणि वडील आपली शंका जपून बोलतात, मुलाचं मन मोडेल या काळजीने. मोठा भाऊ मात्र सरळ निकाल देऊन मोकळा होतो. एवढ्याशा फरकात क्राउस यांनी अख्खं घर उभं केलं आहे. मुलगा कुणालाच उत्तर देत नाही, वाद घालत नाही. त्याच्या वाट्याला लेखिकेने फक्त कामं दिली आहेत, आणि ती नेमकी गाजराला लागणारीच आहेत.

तो पाणी शिंपडतो, ओतत नाही. गाजराचं बी बारीक, ते जेमतेम सेंटिमीटरभर खोल पेरायचं असतं. पाण्याचा लोट आला की ते वाहून जातं. माती एकदा भिजून कडक वाळली की वर खपली धरते आणि कोवळा कोंब ती फोडू शकत नाही. म्हणून रोज थोडं, झारीने. तण उपटण्याचंही तसंच. सुरुवातीची गाजराची दोन पानं गवताच्या काडीसारखी असतात. आजूबाजूचं तण माजलं तर ती गुदमरतात, आणि घाईने खुरपलं तर तणाबरोबर तीही उपटली जातात. जॉन्सन यांच्या चित्रांत रंग मोजकेच आहेत, आणि पानामागून पान जमीन उघडी राहते. ती रिकामी जमीन धीटपणे दाखवत राहणं ही चित्रकाराची मोठी कामगिरी आहे.

शेवटी ढकलगाडीतून न्यावं लागेल एवढं मोठं गाजर येतं. ही अतिशयोक्ती मुलांना आवडतेच, पण तिच्या मुळाशीही एक खरी गोष्ट आहे. बी एकच पेरलेलं आहे. घरच्या बागेत आपण चिमटीने बी सोडतो, रोपं दाटीने येतात आणि एवढी सुंदर रोपं उपटून टाकायला जीव होत नाही. विरळणी राहते, आणि काढणीला हाती येतात बोटाएवढ्या काड्या. दोन रोपांत निदान पाच सेंटिमीटर अंतर हवंच. या मुलाच्या गाजराला सगळी जमीन एकट्याला मिळाली होती.

पुस्तक एक गोष्ट दाखवत नाही, ती म्हणजे जमिनीखाली काय चाललं आहे. गाजराचं सोटमूळ आधी खोल जातं आणि जाडी नंतर धरतं. त्याचं टोक खड्याला, ढेकळाला किंवा चिकट, दबलेल्या मातीला अडलं की गाजराला फाटे फुटतात. रोप उपटून दुसरीकडे लावलं तरी तेच होतं. ताजं शेणखत घातलं तरी मुळं फाटतात, आणि नत्र जास्त झालं की वर पाला माजतो, खाली मूळ पोसत नाही. आपल्याकडच्या काळ्या मातीत तर वाळू आणि पूर्ण कुजलेलं खत मिसळून वीतभर खोल भुसभुशीत केल्याशिवाय सरळ गाजराची आशा धरू नये. उन्हाळ्यात ते आखूड आणि फिकं निघतं, त्याला थंडीच हवी.

घरात लहान मूल असेल तर दिवाळीच्या सुमारास हे पुस्तक त्याच्यासोबत वाचा, एक खोल कुंडी मोकळ्या मातीने भरा आणि बी त्याच्याच हातून पेरा. मग तीन आठवडे ती माती उकरू नका, आणि ‘उगवणार नाही’ असं त्याच्यासमोर म्हणू नका.