‘शांत झाला’ म्हणजे नेमकं काय झालं?

आज एका वर्णनाची चिकित्सा करू. १९५२ साली पॅरिसमध्ये दले आणि देनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिन दिलेल्या रुग्णांबद्दल लिहिलं: रुग्ण निश्चल असतो, विचारलं तर सावकाश, एकसुरी आवाजात मोजकं बोलतो आणि पुन्हा गप्प होतो.

वर्णन अचूक आहे, पण ते पाहणाऱ्याचं आहे. आपल्या घरांतही हेच ऐकू येतं ना, ‘गोळ्यांनी शांत झाला’? भ्रम शमले, की इच्छाच मावळली? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. स्किझोफ्रेनियात मुळातही उदासीनता असते, म्हणून औषधाने आलेली उदासीनता आजाराच्या खात्यावर सहज जमा होते.

उलट टोक म्हणजे अकॅथिसिया. आतून अशी तगमग, की एका जागी बसवत नाही. ती आजार बळावल्याची खूण समजली, की डोस वाढतो, आणि तगमगही वाढू शकते. दोन्ही पक्षांत सापडणाऱ्या अशा हेतूला नैयायिक ‘अनैकांतिक’ म्हणतात. त्यावरून अनुमान करता येत नाही.

गोळ्या वाईट, असं मी म्हणत नाही. त्यांनी पुष्कळांना भ्रमांच्या छळातून सोडवलंय. मनाने बंद केल्या तर आजार उलटू शकतो. डोस कमी करायचा की औषध बदलायचं, हे डॉक्टरांनी ठरवायचं. पण त्यासाठी आधी रुग्णाला विचारायला हवं, ‘आतून कसं वाटतंय?’ वेडाच्या नावाखाली आपण ज्याचा शब्द बाद करतो, त्याच्या तगमगीला दुसरा साक्षीदारच नसतो.