डाव्या बोटांचा सूर

लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलने फेब्रुवारी २०२० मध्ये मेंदूच्या एका शस्त्रक्रियेची छोटीशी चित्रफीत प्रसिद्ध केली. टेबलावर आडवी झालेली एक बाई व्हायोलिन वाजवते आहे आणि पारदर्शक प्लॅस्टिकपलीकडे सर्जन तिच्या मेंदूतला ट्यूमर काढताहेत. जगभर ती ‘चमत्कार’ म्हणून फिरली. चमत्कार म्हटलं की बघायचं संपतं, आणि इथे तर बघण्यासारखं खूप आहे.

बाई ५३ वर्षांची, आइल ऑफ वाइटच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रात वाजवणारी. ट्यूमर मेंदूच्या उजव्या पुढच्या भागात, डाव्या हाताच्या बारीक हालचाली सांभाळणाऱ्या जागेला खेटून. व्हायोलिनवर उजवा हात गज ओढतो, पण सूर कुठे लागायचा हे डावी बोटं ठरवतात. गिटारसारखे पडदे इथे नाहीत. बोट केसभर सरकलं की सूर कणसूर. एरवी जागं ठेवून शस्त्रक्रिया करताना रुग्णाला बोलायला, मूठ उघडमीट करायला सांगतात. त्यात ढोबळ बिघाड कळतो. व्हायोलिन त्याहून फार कडक परीक्षक. शिवाय तिथली चूक डोळ्यांआधी कानाला कळते, आणि सर्जन कियुमर्स अश्कान यांच्याकडे तसा कान होता: ते पियानो वाजवतात, संगीताची पदवीही त्यांनी घेतली आहे. बातम्यांनी हा तपशील गंमत म्हणून छापला. मला तो या शस्त्रक्रियेचा गाभा वाटतो.

जे चित्रफितीत दिसत नाही तेही ऐकण्याजोगं. कवटी उघडण्याआधी दोन तास खर्चून तिच्या मेंदूचा नकाशा तयार केला होता: वाजवताना कुठला भाग कामाला लागतो, बोलताना कुठला. असा नकाशा न्यूरोनॅव्हिगेशनच्या पडद्यावर आला की सर्जनच्या हातातलं उपकरण मेंदूत नेमकं कुठे आहे ते दिसतं. पण या यंत्राची एक खोड आहे. कवटी उघडून आतलं पाणी वाहून गेलं की मेंदू काही मिलिमीटर खाली बसतो, आणि सकाळचा अचूक नकाशा दुपारपर्यंत शिळा होतो. काही ट्यूमर विशिष्ट औषध प्यायला देऊन निळ्या प्रकाशात गुलाबी चमकवता येतात, मात्र संथ वाढणारे बरेचसे दाद देत नाहीत. मग विचारायचं कोणाला? रुग्णालाच. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, टाळू बधिर केली की पुरते. माँट्रियलमध्ये न्यूरोसर्जन वाइल्डर पेनफिल्ड हेच करत होते, जाग्या रुग्णाच्या मेंदूवर हलकी वीज सोडून आणि जिथे प्रतिसाद मिळेल तिथे आकड्यांच्या चिमुकल्या चिठ्ठ्या ठेवून. गेल्या शतकातली ही युक्ती अजून निवृत्त झालेली नाही, हे नव्या यंत्रांच्या जाहिराती सहसा सांगत नाहीत.

मणक्याच्या शस्त्रक्रियेची गोष्ट वेगळी. हाड मेंदूसारखं खाली बसत नाही, त्यामुळे स्क्रू बसवताना नॅव्हिगेशन आणि रोबोट तिथे खरोखर शोभतात. रुग्ण मात्र पूर्ण भुलीत असतो. म्हणून मेंदूकडून पायापर्यंत विजेचे संकेत धाडून मज्जारज्जू शाबूत आहे ना, हे सतत तपासतात. विचारणा तीच, फक्त उत्तर द्यायला माणूस जागा नाही.

पुन्हा लंडनकडे. बाईंनी गेर्शविनचं ‘समरटाइम’ वाजवलं, माहलर वाजवला, हुलियो इग्लेसियासचं एक गाणंही. तेवढ्या वेळात ९० टक्क्यांहून अधिक ट्यूमर निघाला, घातक वाटणारे सगळे भाग त्यात आले आणि डाव्या हाताचं काम पूर्ण शाबूत राहिलं. लोक त्या नव्वदाला दाद देतात. माझी दाद उरलेल्या भागाला. हात अजून पुढे जाऊ शकत असताना तो कुठे आवरायचा, हे या सगळ्या यंत्रसामग्रीचं खरं काम आहे, आणि त्या दिवशी ते फार देखणं झालं. तीनच दिवसांत बाई घरी गेल्या.

चित्रफीत कधी पाहिलीत तर सर्जनकडे नंतर पाहा. आधी डाव्या हाताची बोटं बघा आणि सूर ऐका. ऑपरेशन कसं चाललंय ते तिथेच कळतं.