वडाशेजारचं गवत

आपल्या बोन्साय मंडळाची पहिली कार्यशाळा कुणाच्या गच्चीवर झाली, कुंड्या कुठून आणल्या, हे या स्मरणिकेच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. आपल्या चिटणीसबाई आणि खजिनदारकाका नसते तर जपानची ही कला पुण्यात टिकलीच नसती, असं मी भर सभेत म्हणत आलोय. अतिशयोक्ती असेल, असू दे. पाहुण्या कलाकारांची निमंत्रणपत्रं, विमानतळावरून ने-आण, मांडवातल्या झाडांना रात्री पाणी, सगळं त्यांनीच निस्तरलं.

सुरुवातीला आपण जुनिपर आणि पाइनच्या मागे लागलो. पुण्याच्या एप्रिल-मेने ती हौस फेडली. मग वड, उंबर, चिंच, कामिनी. जपानी अकादामा मातीऐवजी चाळलेले विटांचे तुकडे आणि जाड वाळू. ही तडजोड मला खटकत नाही. जपानी-अमेरिकन बोन्सायगुरू जॉन नाकांनीही कॅलिफोर्नियातल्या रानटी जुनिपरांवर काम केलं. खटकतं ते वर खडे चिकटवलेलं तयार फायकस विकत आणून प्रदर्शनात मांडणं.

श्रावणातलं ते जपानी पाहुण्यांचं प्रात्यक्षिक आठवा. वडाची कुंडी त्यांनी कितीतरी वेळ नुसतीच फिरवली, ब्रशने माती बाजूला करत मुळं पाहिली. सभागृह तारेची वाट बघत होतं आणि त्यांनी आधी सगळ्यात जाड फांदीच उडवली! ज्यांचं झाड, त्या बाईंनी डोळे मिटून घेतले. पारंब्यांबद्दल मात्र पाहुण्यांनी दुभाष्याला पुन्हा पुन्हा विचारलं, आणि दोन राखल्या. जेवणानंतर ते बाहेर गेले, कुंपणालगतचं गवत चमच्याने मुळासकट काढलं, उथळ ताटलीत लावलं, भोवती भिंतीवरचं शेवाळ दाबलं आणि वडाच्या बाजूला, जरा खाली ठेवलं. हातभर उंचीचा वड एकदम जुना, मोठा दिसू लागला. पावसाळाही दिसला. झाडाला ऋतूची सोबत देणारं हे गवत म्हणजे शिताकुसा.

टाळ्या वाजवल्या आणि आपण ते विसरलो. बक्षिसं आजही फक्त झाडांनाच.

तरुण येत नाहीत अशी तक्रार आपण दर वर्षी करतो. वडाला आकार यायला पंधरा-वीस वर्षं लागतात. नोकरीसाठी गावं बदलणाऱ्या मुलांनी ती कुठून आणायची? गवताची ताटली एका पावसाळ्यात रंगरूपाला येते. दूर्वा, तेरडा, नेचे घरच्या कुंडीतही मिळतात. कासच्या पठारावरून मात्र काहीही उपटून आणू नका. तो जागतिक वारसा आहे, आपली रोपवाटिका नव्हे.

तेव्हा कार्यकारिणीला विनंती: येत्या प्रदर्शनात शिताकुसाचा वेगळा विभाग ठेवा, प्रवेशशुल्क घेऊ नका, आणि परीक्षक म्हणून एखाद्या पंचविशीच्या सभासदाला बसवा.