पाहिले कोणी?

पक्ष्यांच्या शोधात अरण्यात जाऊन आलेल्या माणसाने प्रवासवर्णन लिहिले, की त्यात बहुधा दोनच पात्रे असतात: लेखक आणि पक्षी. तिसरा माणूस पहाटेच्या चहाबरोबर येतो, ‘आमचा वाटाड्या’ एवढ्या दोन शब्दांत उरकला जातो आणि संध्याकाळच्या बिदागीबरोबर नाहीसा होतो. ही उणीव केवळ सौजन्याची आहे असे मला वाटत नाही. ती वाङ्मयीन आहे.

केरळातील तट्टेकाड येथे घालवलेल्या एका दिवसाने मला हे शिकवले. पेरियारच्या काठचे हे दाट अरण्य. १९३३ साली त्रावणकोर-कोचीनच्या पक्ष्यांची पाहणी करताना सलीम अलींनी त्याची श्रीमंती ओळखली. १९८३ साली ते अभयारण्य झाले. आमचा वाटाड्या चालता चालता थबकला आणि एका ठेंगण्या झुडपाकडे त्याने नजरेनेच खूण केली. मला वाळकी पाने दिसली. बऱ्याच वेळाने त्यांतल्या दोन पानांचे दोन पक्षी झाले! फ्रॉगमाउथचे जोडपे, नर करडा, मादी तांबूस, एकमेकांना बिलगून झोपलेले. संध्याकाळपर्यंत वहीत नावे पुष्कळ जमली. पण ते पक्षी मी पाहिले काय? त्याने पाहिलेले मला दिसले, एवढेच.

‘पाहणे’ आणि ‘दिसणे’ यांतील हे अंतर या वाङ्मयप्रकाराचा खरा विषय आहे आणि तोच बहुतेक लेखक टाळतात. आल्फ्रेड रसेल वॉलेसचा ‘द मलाय आर्किपेलागो’ हा १८६९ चा ग्रंथ घ्या. १८५८ साली बाचान बेटावर त्याचा मलायी सहायक अली कमरेला पक्षी लटकावून शिकारीहून परतला. त्यांत एक स्वर्गीय पक्षी होता: छातीवर चमकता हिरवा पिसारा, दोन्ही खांद्यांतून निघालेली लांब पांढरी पिसे. पक्षी अलीने आणला, हे वॉलेस प्रांजळपणे सांगतो. पुढे आत्मचरित्रात त्याने अलीचे छायाचित्रही छापले. तरीही पिसांच्या त्या बारीक वर्णनापुढे अलीचा त्या दिवसाचा रानातला शोध पुस्तकात कोराच राहतो. आणि पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आहे तो वॉलेस.

म्हणजे ऋणनिर्देश पुरेसा नव्हे. ऋण मान्य करूनही अनुभव आपल्याच नावावर राहतो. मराठीत मारुती चितमपल्लींचे लेखन मला वेगळे वाटते ते येथे. ‘नवेगावबांधचे दिवस’मधील माधवराव पाटील मदतनीस म्हणून येत नाहीत, ते जाणकार आहेत आणि लेखक त्यांच्यापुढे शिकणारा. रानातल्या माणसांनी दिलेली नावे, त्यांच्या समजुती यांतून तेथले पक्षी साकार होतात. आपल्याला काय दिसत नाही, हे ज्याला कळले त्याच्याच दिसण्याला मोल येते.

तट्टेकाडहून परतल्यावर मीही एक लेख लिहिला होता. त्यात फ्रॉगमाउथच्या रंगरूपाने दीड पान अडवले आहे. इतकी झुडपे सोडून तो माणूस नेमका त्याच झुडपापुढे का थांबला, हे त्यात नाही. मी त्याला ते विचारलेच नव्हते.