'स्मृतिचित्रे' आणि धर्मसेवेचा संसार

रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या धर्मसेवेचा विचार समीक्षेने बहुधा त्यांच्या भक्तिकवितेच्या अनुषंगानेच केला आहे. वस्तुतः त्या सेवेचे दैनंदिन स्वरूप जाणण्यास लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र अधिक उपयुक्त आहे. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला; लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली ताटातूट, दुष्काळातील अनाथ मुलांना घरात दिलेला आश्रय, हे सारे त्या विनोदाने सांगतात; परंतु विनोदामुळे त्यातील कष्ट उणे होत नाहीत (अभ्यासक्रमात मात्र विनोदच तेवढा शिकविला जातो!). १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची वेतनी सेवा सोडून 'देवाचा दरबार' स्थापिला. हा त्याग टिळकांचा म्हणून गौरविला जातो. वेतन मात्र दोघांच्या संसाराचे सुटले होते.