पाणसुरुंग : युद्धाची भाषा आणि खेळाची भाषा

‘सुरुंग’ हा शब्द मुळात स्फोटकाचा नव्हे, भुयाराचा आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात आढळणारा ‘सुरुङ्गा’ हा शब्द ग्रीक ‘सिरिंक्स’वरून आला असावा, असे मत अभ्यासकांनी मांडले आहे. इंग्रजीतील ‘माइन’ ह्या शब्दाचा प्रवासही तसाच : प्रथम खाण, मग तटाखालील भुयार, मग त्यात ठासलेली दारू, आणि शेवटी नुसते स्फोटक. दुसऱ्या महायुद्धात विमानातून समुद्रात टाकलेल्या वस्तूलाही हेच नाव राहिले. वरून पडणाऱ्या वस्तूस खालून पोखरण्याचे नाव मिळावे, ही विसंगती वाटेल. परंतु ती वरवरची होय. दडून राहणे हा अर्थाचा गाभा अबाधित राहिला. युद्धविषयक खेळांत ह्या गाभ्याचे काय होते, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

उदाहरणादाखल २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘हार्ट्स ऑफ आयर्न’ ह्या मालेतील चौथा संगणकीय खेळ घेऊ. २०१९ च्या ‘मॅन द गन्स’ ह्या पुरवणीने त्यात पाणसुरुंग आणले. समुद्राचे विभाग पाडलेले असतात. आवश्यक संशोधन झाले की विमानदलास एखाद्या विभागात सुरुंग पेरण्याची कामगिरी देता येते. विभागातील सुरुंगांचा आकडा वाढत जातो, शत्रूची जहाजे मंदावतात, त्यांची हानी होते. शत्रूने सुरुंग काढणारी जहाजे धाडली की आकडा उतरतो.

ह्या मांडणीत तथ्य नाही असे मुळीच म्हणता येणार नाही. २७ मार्च १९४५ रोजी टिनियन बेटावरील बी-२९ विमानांनी शिमोनोसेकी सामुद्रधुनीत सुरुंग टाकण्यास आरंभ केला. सुरुंग पेरणाऱ्या जहाजाला तेथवर पोचणे कठीण, आणि आपणच पेरलेल्या पाण्यात पुन्हा शिरणे धोक्याचे. विमानाला ह्या दोन्ही अडचणी नाहीत. साफ केलेली वाट दुसऱ्याच रात्री पुन्हा पेरता येते. युद्ध संपेपर्यंत बारा हजारांहून अधिक सुरुंग टाकले गेले. अमेरिकी हिशेबानुसार ६७० जहाजे बुडाली वा नादुरुस्त झाली; विमाने गमावली ती १५. पेरणे आणि काढणे ह्यांची ही शर्यत खेळाने नेमकी ओळखली आहे. सेनापतीच्या टेबलावरील नकाशाशी तो प्रामाणिक आहे, हे मान्य केले पाहिजे.

तथापि त्या टेबलाची भाषाही निर्दोष नव्हती. ब्रिटिश वैमानिक १९४० पासून सुरुंग टाकण्याच्या कामास ‘बागकाम’ म्हणत आणि सुरुंगांस ‘भाज्या’. समुद्रातील जागांना वनस्पतींची नावे होती. बोर्दोजवळील पाण्याचे नाव तर ‘देवदार’, म्हणजे आपल्याच संस्कृतातून तिकडे गेलेला शब्द. गुप्ततेची सोय हे कारण खरेच. पण सौम्य शब्दांची सवय सोयीपुरती राहत नाही. उलट अमेरिकनांनी जपानविरुद्धच्या मोहिमेस ‘स्टार्व्हेशन’, म्हणजे ‘उपासमार’, हे नाव दिले. ते क्रूर आहे. पण खोटे नाही. अन्न व कच्चा माल समुद्रमार्गे आणणाऱ्या राष्ट्राच्या वाटा बंद करणे ह्याचा अर्थ त्यात उघड सांगितलेला आहे. खेळाच्या भाषेत ना बाग आहे, ना उपासमार. तेथे केवळ ‘कामगिरी’ आहे आणि तिचा आकडा आहे.

माझा खरा आक्षेप येथे आहे. खेळात रक्त दिसत नाही, ही तक्रार फार सामान्य झाली. ती बुद्धिबळाविरुद्धही करता येईल. आक्षेप असा की, आकडा झालेला सुरुंग सुरुंगच राहत नाही. खरा सुरुंग कळतो तो त्याच्या अनिश्चिततेने. शिमोनोसेकीत टाकलेल्या सुरुंगांत असे काही होते की, ठरावीक संख्येची जहाजे निर्धोक जाऊ देऊन ते पुढच्या जहाजाखाली फुटत. म्हणजे वाट साफ झाल्याचा पुरावा हाच फसवा असे. हायफाँग बंदरात ९ मे १९७२ रोजी अमेरिकी विमानांनी अवघे ३६ सुरुंग टाकले आणि परदेशी जहाजांस निघून जाण्यास तीन दिवसांची मुदत जाहीर केली. बंदर बंद झाले ते मुख्यतः ह्या घोषणेने. सुरुंग येथे स्फोटकाइतकाच एक उच्चार होता.

दुसरे असे की, खेळातील सुरुंग शत्रू आणि मित्र ओळखतो. चुंबकाला अथवा पाण्याच्या दाबाला अशी ओळख नसते. आणि तिसरी गोष्ट काळाची. खेळ विजयाशी संपतो. सुरुंगाला तह समजत नाही. ऑगस्ट १९४५ नंतर जपानी खलाशांनी आपल्याच किनाऱ्यावरील हे सुरुंग काढण्याचे काम वर्षानुवर्षे केले, आणि त्यात कित्येक मृत्युमुखी पडले. त्यांचे स्मारक १९५२ मध्ये शिकोकू बेटावरील कोतोहिरा येथे उभारण्यात आले.

आज अनेक तरुण वाचकांना ते युद्ध प्रथम भेटते ते अशा खेळांतून. म्हणून खेळ त्याज्य ठरत नाही. तो टेबलावरून दिसणाऱ्या युद्धाचे चांगले व्याकरण आहे. मात्र व्याकरणाला भाषा समजण्याची चूक आपल्या शास्त्रात जशी घातक, तशीच ती येथेही. कोतोहिरा येथे ज्यांची नावे कोरली आहेत, त्यांचा मृत्यू ह्या व्याकरणातील कोणत्याही प्रयोगात बसत नाही.