‘बास्टेट’ : एक खाष्ट खेळ

संगणकावरील खेळ म्हटला कीं रंगांची उधळण आणि ध्वनींचा गलबला डोळ्यांपुढें उभा राहतो. ‘बास्टेट’मध्यें यांपैकीं फारसें कांहीं नाहीं. आज्ञा टंकूनच ज्याच्याशीं बोलावें लागतें त्या टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर एक शब्द टंकिला कीं तो सुरू होतो. येथें अल्लीपुरास माझ्या जुन्या यंत्रावरही तो सुखानें चालतो.

मूळ ‘टेट्रिस’ अलेक्सी पाजित्नोव्ह यांनीं १९८४ सालीं मॉस्को येथें रचिला. त्यांच्या यंत्रावर चित्रें काढण्याची सोयच नव्हती. म्हणून कंसांच्या जोड्यांनीं चौकोन दाखविले. वरून पडणारे तुकडे सात प्रकारचे, प्रत्येक चार चौकोनांचा. आडवी ओळ भरली कीं ती नाहींशी होते. पुढचा तुकडा कोणता, हें तेथें दैवाधीन होतें. फेडेरिको पोलोनी यांच्या ‘बास्टेट’मध्यें मात्र यंत्र आपली मांडणी निरखितें, कोणता तुकडा कितपत उपयोगीं पडेल याचा हिशेब करितें, आणि बहुधा सर्वांत निरुपयोगी तोच पुढें करितें. (नांव मिसर देशाच्या मार्जारदेवतेचें दिसलें तरी त्यांत एक इंग्रजी शिवी दडलेली आहे, ती येथें छापण्याचें कारण नाहीं.)

सारीपाटांत दान उलटें पडलें तर आपण फांशांना दोष देतों. पण फांशांना आपल्या सोंगट्या दिसत नसतात. येथें दिसतात. भिंतीलगत एक उभा चर मोकळा ठेवून लांब दांड्याची वाट पाहत बसण्याची जी संवय टेट्रिस खेळणारांस जडते, ती नेमकी पकडली जाते. दांडा कांहीं केल्या येत नाहीं. पहिल्या दिवशीं मला हा निव्वळ दुष्टावा वाटला. मग ध्यानांत आलें कीं पडणारा प्रत्येक तुकडा हा माझ्याच मांडणीवरील शेरा आहे. चर मींच ठेविला होता.

तथापि खाष्टपणासही मर्यादा हवी. दोन नागमोडी तुकडे आळीपाळीनें येत राहिले तर कितीही निष्णात खेळाडू ७०,००० तुकड्यांच्या आंत हरतोच, असें हायडी बर्गिएल यांनीं १९९७ सालीं गणितानें दाखविलें. तेवढें निर्दय यंत्र रचणें अवघड नव्हतें. परंतु मग खेळ उरला नसता, शिक्षा उरली असती. पोलोनी यांनीं निवडींत दैवाचा थोडा अंश राखिला, ही त्यांची रसिकता. माझा आक्षेप निराळा आहे. खाष्ट सासू निदान बोलून दाखविते. हा खेळ आपलें कोणतें व्यंग त्यानें हेरलें तें शेवटींही सांगत नाहीं, आणि नवशिक्या मुलाच्या हातीं पडल्यास तें रडकुंडीस येऊन उठेल.

काल रात्रीं मीं पांच ओळी भरल्या. सहावी एका चौकोनानें राहिली.